टिक फिव्हर सारखा उलटतोय? डॉक्सीचा पुढचा कोर्स सुरू करण्याआधी हे तपासा

कुत्र्याला ताप येतो, तो जेवणाच्या भांड्याकडे बघत नाही, सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, प्लेटलेट्स पन्नास हजारांपर्यंत घसरलेल्या असतात. टिक फिव्हर म्हणून औषध सुरू होतं, तीन दिवसांत शेपूट हलायला लागते आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा तीच इंजेक्शनं, तेच सलाईन. वर्षात दोन-तीनदा असं झालं की 'याला टिक फिव्हर होतच राहतो' असं घरात ठरून जातं.

असं ठरवू नका. दुखणं उलटण्यामागची कारणं वेगवेगळी असतात आणि ती शोधता येतात. औषध कमी पडलेलं असतं, किंवा पोटात गेलं तरी रक्तात पुरेसं पोचलेलं नसतं. आजार दुसराच असतो, किंवा सोबत दुसरा असतो. घरातल्या गोचिडांनी नव्याने लागण केलेली असते. कधी लागण नसतेच, फक्त दवाखान्यातलं झटपट रक्तचाचणीचं किट पॉझिटिव्ह आलेलं असतं. यांतल्या प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. सगळ्यांवर डॉक्सीचा, म्हणजे डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा, आणखी एक कोर्स लावला की काही कुत्री योगायोगाने बरी होतात, बाकीच्यांचा मौल्यवान वेळ जातो.

आपल्याकडे 'टिक फिव्हर' म्हणतात तेव्हा बहुतेकदा एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू अभिप्रेत असतो. तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या आत, मुख्यतः मोनोसाइटमध्ये राहतो. कुत्र्यांवरचा तपकिरी गोचीड त्याची ने-आण करतो. गोचीड चावल्यानंतर साधारण ८ ते २० दिवसांनी ताप येतो. हा पहिला टप्पा दोन ते चार आठवड्यांचा. त्यात कुत्रा औषधाशिवायही सावरल्यासारखा दिसू शकतो, पण जिवाणू प्लीहेत (पोटातल्या स्प्लीनमध्ये) दडून राहतो. हा दुसरा, शांत टप्पा महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं चालतो. बाहेरून काही दिसत नाही, फक्त प्लेटलेट्स थोड्या कमी राहतात. काही कुत्र्यांमध्ये पुढे तिसरा टप्पा येतो आणि रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जाच (हाडांतला मगज) काम करेनाशी होते. पहिल्या टप्प्यात उपचार पुरे झाले तर निकाल फार चांगला असतो, तिसऱ्यात फार वाईट. म्हणून अर्धवट उपचारांची पुनरावृत्ती इतकी महाग पडते.

आधी तारखा मांडा

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एका कागदावर लिहा: ताप कधी आला, पहिली गोळी किंवा इंजेक्शन कधी, कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, शेवटची गोळी कधी, ताप पुन्हा कधी आला. सोबत आतापर्यंतचे सगळे सीबीसी तारखेनुसार लावा. कारण शोधायला या कागदाची फार मदत होते.

औषध सुरू करून तीन दिवस झाले तरी ताप उतरलाच नाही, तर निदान, मात्रा किंवा शोषण यांत गडबड आहे. ताज्या एर्लिकियात डॉक्सीसायक्लिनचा गुण २४ ते ७२ तासांत दिसतो. ताप उतरला पण इंजेक्शनं थांबल्यावर आठवडाभरात परत आला, तर कोर्स अपुरा होता किंवा स्टेरॉइडने ताप झाकला होता. पूर्ण २८ दिवस झाले, कुत्रा महिना-दोन महिने छान होता आणि मग आजारी पडला, तर नवी लागण हा पहिला संशय. कुत्रा ठणठणीत आहे आणि तपासणीत किट पुन्हा पॉझिटिव्ह आलं, तर बहुधा काहीच उलटलेलं नाही. प्लेटलेट्स कधी पूर्वपदावर आल्याच नाहीत, तर तो तिसऱ्या टप्प्याचा किंवा वेगळ्याच आजाराचा इशारा समजा.

ताप मोजायचा तो गुदद्वारात, डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलिन लावून. निरोगी कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०३ च्या वर गेलं की ताप. नाक गरम-गार लागण्यावरून काही ठरत नाही.

मात्रा आणि दिवस

डॉक्सीसायक्लिनची मान्य मात्रा दर किलो वजनामागे दिवसाला १० मिलिग्रॅम, एकदम किंवा ५-५ मिलिग्रॅम दोन वेळा, आणि किमान २८ दिवस. उलटलेल्या बऱ्याच केसेसचं उत्तर या एका वाक्यात सापडतं.

माणसांची नेहमीची गोळी १०० मिलिग्रॅमची. 'एक सकाळी, एक रात्री' हा हिशोब २० किलोच्या कुत्र्याला बरोबर बसतो. ३४ किलोच्या लॅब्रेडॉरला तेवढंच दिलं तर त्याला किलोमागे जेमतेम ६ मिलिग्रॅम मिळतात. त्याला दिवसाला ३४० मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास साडेतीन गोळ्या लागतात, आणि २८ दिवसांच्या ९८ गोळ्या. घरात दोनच पाकिटं आली असतील तर कोर्स पुरा होणार नाही हे पहिल्याच दिवशी कळतं. वजन अंदाजाने सांगू नका. कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. मोठा कुत्रा असेल तर दवाखान्यातल्या काट्यावर करा. मात्रा बदलायची असेल तर हा हिशोब डॉक्टरांना दाखवून, स्वतःच्या मनाने नाही. गाभण कुत्री, दुधाचे दात असलेली पिल्लं आणि यकृताचा त्रास असलेली कुत्री यांचा निर्णय तर त्यांच्यावरच सोडा.

२८ दिवस का, हा प्रश्न रास्त आहे, कारण कुत्रा चौथ्या दिवशीच उड्या मारायला लागतो. डॉक्सी जिवाणूची वाढ थांबवतं, त्याला तडकाफडकी मारत नाही. तो पेशींच्या आत असतो आणि उरलेलं काम शरीराला करावं लागतं. सातव्या दिवशी थांबलात तर ताप गेलेला असतो, जिवाणू नाही.

दुसरी नेहमीची गफलत प्लेटलेट्सची. डेंग्यूच्या सवयीने आपण काउंटकडे बघतो: दीड लाखाच्या वर गेला की सुटलो. डेंग्यू हा विषाणू, त्याला शरीर आपोआप परतवतं, म्हणून तिथे काउंट सावरणं म्हणजे संकट टळणं. एर्लिकियात काउंट सावरला तरी जिवाणू प्लीहेत असू शकतो. उपचार सुरू झाल्यावर दोन आठवड्यांत काउंट बहुधा नॉर्मलला येतो. उरलेले दोन आठवडे गोळ्या तरीही द्यायच्याच. पपईच्या पानांच्या गोळ्या किंवा सिरप याच कारणाने उपचार ठरत नाहीत. त्यांनी आकडा हलला तरी एर्लिकियाला काही होत नाही.

स्टेरॉइडबद्दल. शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्स नष्ट करत असेल आणि काउंट धोक्याच्या पातळीवर असेल, तर डॉक्टर थोडे दिवस प्रेडनिसोलोन देतात. त्याला कारण असतं. पण स्टेरॉइडने ताप लगेच उतरतो, भूक वाढते, काउंटही चढतो, आणि ही सुधारणा अँटिबायोटिकची वाटते. मागच्या वेळी 'दोन इंजेक्शनांत बरा झाला' असं असेल तर त्यात स्टेरॉइड होतं का, हे विचारून घ्या. इंजेक्शनांची नावं लिहून मागणं हा तुमचा हक्क आहे.

गोळी दिली, पण पोचली का?

हा भाग बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. डॉक्सीसायक्लिन लोह, कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम यांच्याशी पोटात बांधलं जातं आणि तसंच बाहेर पडतं. टिक फिव्हरच्या चिठ्ठीवर मात्र अनेकदा डॉक्सीच्या खालीच रक्तवाढीचं लोहयुक्त टॉनिक, कॅल्शियमचं सिरप आणि उलट्या होतात म्हणून अँटासिड किंवा पोटाच्या अस्तराला जपणारं सुक्राल्फेट असतं. घरात सोयीसाठी सगळं एकाच वेळी दिलं जातं. मात्रा कागदावर बरोबर, रक्तात अपुरी.

यांत लोह सर्वांत त्रासदायक, कारण अंतर ठेवून दिलं तरी ते शरीरातल्या डॉक्सीची पातळी कमी करू शकतं. टिक फिव्हरमधला अ‍ॅनिमिया बहुतेक वेळा लोहाच्या कमतरतेचा नसतोच. पेशी तयार होत नाहीत किंवा नष्ट होतात म्हणून तो येतो. नाकातून किंवा शौचातून बरंच रक्त गेलं असेल तर गोष्ट वेगळी. टॉनिक २८ दिवसांनंतर सुरू केलं तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा, बहुतेकदा चालतं. सुक्राल्फेट लागणारच असेल तर आधी डॉक्सी आणि किमान दोन तासांनी सुक्राल्फेट.

आजारी कुत्र्याला आपण दहीभात किंवा दूधपोळी देतो. डॉक्सीवर दुधाचा परिणाम जुन्या टेट्रासायक्लिनइतका मोठा नाही, पण गोळी दह्यात किंवा पनीरमध्ये लपवून रोज देण्याचं कारणही नाही. भात आणि उकडलेलं चिकन, पोळीचा तुकडा, उकडलेलं अंडं यांत द्या. रिकाम्या पोटी मात्र देऊ नका. रिकाम्या पोटी डॉक्सी दिल्यावर उलटी होणं फार सामान्य आहे, आणि उलटीमुळेच अनेक कोर्स मध्येच सुटतात. गोळीनंतर थोडं पाणी किंवा आणखी दोन घास पोटात जाऊ द्या, कारण अन्ननलिकेत अडकलेली गोळी तिथे जखम करते. गोळीनंतर लगेच उलटी झाली तर उलटीत गोळी दिसते का बघा आणि पुन्हा द्यायची का ते फोनवर विचारा. एकदाच दिलेली मोठी मात्रा सोसत नसेल तर दोन वेळांत विभागून बघता येते.

एक गोष्ट कधीच करू नका: ताप उतरवायला घरातली आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, निमेसुलाइड किंवा पॅरासिटामॉलची गोळी. प्लेटलेट्स आधीच कमी असताना यांतली काही औषधं रक्तस्राव वाढवतात, आणि पॅरासिटामॉलची मात्रा चुकली तर कुत्र्याचं यकृत आणि तांबड्या पेशी दोन्ही बिघडतात.

सोबत दुसरा आजार आहे का

एकच गोचीड दोन-तीन आजार घेऊन येऊ शकतो. त्यातला सर्वांत महत्त्वाचा बबेसिया गिब्सोनी. हा जिवाणू नाही, तांबड्या पेशींत राहणारा एकपेशीय परजीवी आहे, आणि डॉक्सीने तो जात नाही. हिरड्या फिकट पांढऱ्या, डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर पिवळी झाक, लघवी गडद, हिमोग्लोबिन झरझर खाली, आणि प्लेटलेट्सही कमी: असं चित्र असेल तर बबेसिया शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याच्यासाठी अ‍ॅटोव्हाकोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही जोडी दहा दिवस देतात. अ‍ॅटोव्हाकोन तुपकट जेवणासोबत दिलं तरच नीट शोषलं जातं. इमिडोकार्बचं इंजेक्शन मोठ्या आकाराच्या बबेसियावर चांगलं चालतं, गिब्सोनीवर भरवशाचं नाही. म्हणून 'बबेसियाचं इंजेक्शन झालंय' या वाक्यावर समाधान मानू नका. कोणता बबेसिया, हे विचारा. गिब्सोनी कुत्र्यांच्या भांडणातल्या चाव्यातून आणि तपासणी न केलेल्या रक्तदात्याच्या रक्तातूनही येतो, त्यामुळे 'अंगावर गोचीड नव्हता' म्हणून तो बाद होत नाही.

हेपाटोझून कॅनिस हा तिसरा पाहुणा. तो गोचीड चावल्याने येत नाही, कुत्र्याने गोचीड गिळल्याने येतो. अंग चाटताना, दातांनी ओढून काढताना हे सहज होतं. अ‍ॅनाप्लाझ्मा प्लॅटिस थेट प्लेटलेट्समध्येच राहतो आणि काउंट आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने खालीवर करतो. तो डॉक्सीला दाद देतो, पण एका दिवशीच्या काउंटवरून फसवतो.

पावसाळ्यात ताप, कावीळ आणि उलट्या एकत्र आल्या, किडनीचे आकडे चढले, तर लेप्टोस्पायरोसिसही यादीत हवा. तो माणसांनाही होतो. तो नाही हे ठरेपर्यंत लघवी साफ करताना हातमोजे घाला आणि जागा जंतुनाशकाने पुसा.

तपासण्या: कोणती, कधी, काय समजायचं

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित तपासणी म्हणजे रक्ताची स्लाईड माणसाने डोळ्यांनी बघणं. मशीन गुठळी झालेल्या प्लेटलेट्स मोजत नाही. रक्त काढताना वेळ लागला, नळीतलं औषध नीट मिसळलं नाही, तर निरोगी कुत्र्याचाही काउंट चाळीस हजार छापून येतो. स्लाईडवर ऑइल इमर्शनखाली (तेलाचा थेंब टाकून वापरायच्या मोठ्या भिंगाखाली) एका क्षेत्रात दिसणारी प्रत्येक प्लेटलेट म्हणजे साधारण १५ हजार. दहा क्षेत्रांची सरासरी काढली की अंदाज मिळतो. सरासरी दहा दिसत असतील तर काउंट दीड लाखाच्या आसपास आहे, मशीन काहीही म्हणो. रिपोर्टवर गुठळ्यांचा शेरा असेल तर त्या आकड्यावर घाबरू नका, नमुना पुन्हा द्या.

स्लाईडवर एर्लिकियाचे पुंजके दिसले तर निदान पक्कं. न दिसले तर काहीच सिद्ध होत नाही, कारण आजारी कुत्र्यांतही ते फार थोड्या स्लाईडवर सापडतात. बबेसियासाठी कानाच्या टोकाला टोचून काढलेल्या रक्ताची स्लाईड मागा; तिथे तो सापडण्याची शक्यता जास्त.

किट अँटिबॉडी शोधतं, जिवाणू नाही. यातून दोन चुका होतात. लागण झाल्यावर अँटिबॉडी तयार व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे तापाच्या पहिल्या दिवसांत किट निगेटिव्ह येऊ शकतं आणि आजार असतो. उलट, बरा झाल्यावरही अँटिबॉडी कित्येक महिने, काही कुत्र्यांत वर्षानुवर्षं राहतात. कोर्सनंतर 'गेला का बघू' म्हणून किट करणं निरर्थक आहे, आणि ते पॉझिटिव्ह आलं म्हणून धडधाकट कुत्र्याला पुन्हा २८ दिवस डॉक्सी देणं तर त्याहून वाईट. त्याऐवजी प्लेटलेट्स, ग्लोब्युलिन (रक्तातलं एक प्रोटीन) आणि लघवीतलं प्रोटीन बघा. हे तिन्ही ठीक आणि कुत्रा ठीक, तर थांबा.

पीसीआर ही चाचणी जिवाणूचा जनुकीय अंशच शोधते. तिच्यासाठी रक्त डॉक्सीची पहिली गोळी देण्याआधी घ्यायला हवं. दोन दिवस औषध झाल्यावर पाठवलेला नमुना निगेटिव्ह आला तर त्याचा अर्थ लावता येत नाही. एर्लिकिया, अ‍ॅनाप्लाझ्मा, बबेसिया, हेपाटोझून असं एकत्र पॅनेल मिळत असेल तर उलटलेल्या केसमध्ये तेच करा. चार अर्धवट कोर्सपेक्षा ते स्वस्त पडतं. गंभीर कुत्र्यात रिपोर्टची वाट बघत औषध थांबवायचं नाही: रक्त घ्या, लगेच गोळी सुरू करा. कोर्स संपल्यावर जिवाणू गेला का हे बघायचं असेल तर शेवटच्या गोळीनंतर किमान दोन आठवडे थांबून पीसीआर करा. तेव्हाही पॉझिटिव्ह आलं तर डॉक्टर आणखी चार आठवडे उपचार देतात.

स्लाईड वाचणारा माणूस जवळ मिळत नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयात चौकशी करा: परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर.

घरातला गोचीड: बहुतेकदा दोष इथेच सापडतो

एर्लिकियाविरुद्ध टिकाऊ प्रतिकारशक्ती तयार होत नाही. पूर्ण बरा झालेला कुत्रा पुढच्या महिन्यात पुन्हा आजारी पडू शकतो. म्हणून कोर्स कितीही चोख दिला तरी घरात गोचीड असतील तर तो वाया जातो, आणि हे घर साफ करण्याचं काम कोणतीही गोळी करत नाही.

तपकिरी गोचिडाची खोड अशी की त्याला झाडीझुडपांची गरज नाही. तो घरात, बंद फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर आयुष्य काढतो. अळी, पिल्लू आणि प्रौढ, तिन्ही अवस्था कुत्र्याचंच रक्त पितात आणि प्रत्येक वेळी पोट भरलं की खाली उतरून दडतात. मादी एका खेपेला हजारो अंडी घालते. गोचीड वर चढतात, म्हणून फरशी धुऊन उपयोग होत नाही. ते असतात दाराच्या चौकटीमागे, स्कर्टिंगच्या फटीत, पलंगाच्या सांध्यांत, पडद्यांच्या दुमडीत, भिंतीवरच्या फ्रेममागे, केनेलच्या छपराच्या आतल्या बाजूला, कुत्र्याच्या गोणपाटाखाली. रात्री टॉर्च लावून छताच्या कडेने बघा. अंडी फुटायला दोन ते पाच आठवडे लागतात, प्रत्येक कात टाकायला साधारण दोन आठवडे, आणि उबदार हवेत सगळं चक्र दोन महिन्यांच्या जरा वर पुरं होतं. आपल्याकडची थंडी त्याला थांबवण्याइतकी कडक नसते.

यातून फवारणीचं वेळापत्रक ठरतं. एकदा फवारलं की प्रौढ मरतात, अंडी वाचतात, महिन्याने नवी फौज बाहेर येते, आणि लोक म्हणतात औषध चालत नाही. दर दोन आठवड्यांनी, किमान चार वेळा फवारा. डेल्टामेथ्रिनसारखं औषध पेस्ट कंट्रोलवाल्याकडून मारून घेतलेलं बरं. त्याला फटी आणि भिंतीच्या वरच्या कडा दाखवा, नाहीतर तो झुरळांच्या जागा फवारून जातो. घरात मांजर असेल तर फवारा पूर्ण वाळेपर्यंत दुसरीकडे ठेवा, माशांची टाकी झाका आणि तिचा हवेचा पंप बंद ठेवा: ही औषधं दोघांनाही मारक आहेत. फवारण्याआधी फटींवरून व्हॅक्युम फिरवा आणि पिशवी लगेच बांधून बाहेर टाका. अंथरूण उकळत्या पाण्यात धुवा. फटी लांबीने किंवा सिमेंटने बुजवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात टिकाऊ तेच.

कुत्र्यावरचं औषध त्याच दिवशी, घरातल्या सगळ्या कुत्र्यांना. अ‍ॅफोक्सोलॅनर आणि सॅरोलॅनरच्या गोळ्या महिन्याने, फ्लुरालॅनरची साधारण बारा आठवड्यांनी, वजनगटाप्रमाणे आणि बाराही महिने. पावसाळा संपला म्हणून थांबवलेली गोळी हे हिवाळ्यातल्या टिक फिव्हरचं नेहमीचं कारण. या गोळ्या गोचीड चावल्यानंतर त्याला मारतात, चावण्यापासून थांबवत नाहीत. एर्लिकिया मात्र गोचीड चिकटल्यावर काही तासांतच अंगात शिरू शकतो. म्हणून ज्या घरात टिक फिव्हर उलटतो तिथे गोळीच्या जोडीला गोचिडाला दूर ठेवणारी फ्लुमेथ्रिनची कॉलर घालण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. पर्मेथ्रिनचं स्पॉट-ऑनही (कातडीवर टाकायचे थेंब) दूर ठेवतं, पण घरात मांजर असेल तर ते नकोच. फिट येणाऱ्या कुत्र्याला गोचिडांच्या या गोळ्या देण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा. गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन मागू नका. गोचिडांवर त्याचा भरवसा नाही आणि कोलीसारख्या जातींना ते घातक ठरू शकतं.

अंगावरचा गोचीड काढायचा तो बारीक टोकाच्या चिमट्याने, कातडीलगत धरून, सरळ ओढून. रॉकेल, टर्पेंटाइन, पेटती अगरबत्ती काही नको. बोटांनी चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. पायांच्या बोटांमधली जागा, कानांच्या आतल्या घड्या, मान आणि शेपटीखाली रोज बघा.

सोसायटीच्या जिन्यात किंवा पार्किंगमध्ये राहणाऱ्या कुत्र्यांना वगळून हे प्रकरण सुटत नाही. त्यांना हाकलून उपयोग नाही. त्यांच्या जागी दुसरी येतात, गोचीड भिंतीत तिथेच असतात. वर्गणी काढून त्यांनाही गोळ्या द्या आणि जिन्याखालची जागा त्याच वेळापत्रकात फवारा. आजारी कुत्र्याच्या शेजारी झोपल्याने दुसऱ्याला हा आजार होत नाही, त्यासाठी गोचीड चावावाच लागतो. त्यामुळे घरातल्या दुसऱ्या कुत्र्याला वेगळं ठेवण्याची गरज नाही, पण त्याचं सीबीसी नक्की करा. शांत टप्प्यात असलेला तोच असू शकतो, ज्याच्यापासून घरातले गोचीड जिवाणू उचलतात.

काउंट वर येतच नसेल तर

प्लेटलेट्स, पांढऱ्या आणि तांबड्या, तिन्ही पेशी कमी; नाकातून वारंवार रक्त; पोटावर आणि हिरड्यांवर लाल-जांभळे ठिपके; वजन उतरत चाललेलं; ग्लोब्युलिन जास्त आणि अल्ब्युमिन कमी. हे अस्थिमज्जा थकल्याचं चित्र आहे. जर्मन शेफर्डमध्ये ते जास्त तीव्र दिसतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस व्हिएतनाममध्ये अमेरिकी लष्कराच्या शेकडो कुत्र्यांचा या आजाराने बळी घेतला, त्यांत शेफर्ड मोठ्या संख्येने होते. इथे गुण ७२ तासांत दिसत नाही. आठवडे, महिने लागतात, रक्त चढवावं लागतं, आणि सगळं करूनही काही कुत्री हातची जातात. हे मालकांना आधी सांगायला हवं. अस्थिमज्जेची तपासणी, लघवीतल्या प्रोटीनचं प्रमाण आणि डोळ्यांची तपासणी यांशिवाय अशा कुत्र्यावर पुन्हा फक्त डॉक्सी लिहून घेऊ नका.

नाकातलं रक्त दहा मिनिटांत थांबत नाही, शौच डांबरासारखं काळं आहे, हिरड्या पांढऱ्याफटक आहेत, कुत्रा उठत नाही, अचानक दिसेनासं झालंय किंवा डोळ्यात रक्त उतरलंय, ताप १०६ च्या वर आहे: यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट न बघता निघा. नाकावर बाहेरून कापडात गुंडाळलेला बर्फ धरा, आत बोळा कोंबू नका, कुत्र्याला शांत आणि गार जागी ठेवा.

कोर्स नीट चालला असेल तर सीबीसी सातव्या दिवशी, कोर्स संपताना, आणि नंतर एक महिन्याने व तीन महिन्यांनी करा. तीन महिन्यांच्या सीबीसीत प्लेटलेट्स टिकून असतील तर हा हल्ला संपला असं धरायला हरकत नाही. त्यानंतर येणारा ताप नव्या चाव्याचा समजून नव्याने शोधायचा. एकदा एर्लिकिया झालेल्या कुत्र्याचं रक्त दुसऱ्याला देऊ नका, तो कितीही तंदुरुस्त दिसत असला तरी, आणि तुमच्या कुत्र्याला रक्त चढवायची वेळ आली तर दात्याची एर्लिकिया आणि बबेसिया या दोन्हींची तपासणी झाली आहे का, ते पिशवी लावण्याआधी विचारा.